पावसाळ्यातील घरचा टोमॅटो : पान कोरडे, मूळ मोकळे

बाळापूर, प्रतिनिधी : पावसाळा सुरू झाला की टोमॅटोचा भाव हा घरोघरी चर्चेचा विषय होतो. जुलै २०२३ मध्ये देशातील अनेक शहरांत टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली आणि काही ठिकाणी तो दोनशे रुपयांच्या घरात गेला. केंद्र सरकारला नाफेड व राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघाच्या माध्यमातून सवलतीच्या दरात टोमॅटो विकावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आवक वाढली, भाव कोसळले आणि शेतकऱ्यांवर माल रस्त्यावर ओतण्याची वेळ आली. या चढउतारापासून निदान स्वयंपाकघर तरी वाचावे म्हणून अनेकजण अंगणात किंवा गच्चीवर टोमॅटोची रोपे लावतात. मात्र पहिल्या झडीतच पाने करपतात, झाड माना टाकते आणि पुढच्या वर्षी कुंडीत पुन्हा तुळस येते.

असे होणे अपरिहार्य नाही. टोमॅटोला पावसाचे वावडे नसते. त्याचा घात होतो तो पानावर तासन्‌तास टिकून राहणाऱ्या ओलाव्याने आणि मुळाशी साचलेल्या पाण्याने. पान लवकर सुकेल आणि मुळाला हवा मिळेल एवढी तजवीज केली, तर खराब पावसाळ्यातही घरचा टोमॅटो हाती लागू शकतो. वऱ्हाडातील हवा, माती व पाणी लक्षात घेऊन ही तजवीज कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

वऱ्हाडात टोमॅटो अवघड का?

टोमॅटो हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीच्या परिसरातील पीक. मेक्सिकोमार्गे ते युरोपात आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर भारतात आले, असे मानले जाते. वऱ्हाडात ते इतके रुळले की जुन्या पिढीच्या तोंडी त्याला ‘भेदरे’ हे खास नाव आहे. मात्र या पिकाचा स्वभाव अजूनही समशीतोष्ण हवेचाच आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की परागकण दुबळे होतात व फुले गळतात. रात्रीचे तापमान १५ ते २१ अंशांच्या दरम्यान असताना फळधारणा सर्वांत चांगली होते. फळाला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्यही २० ते २५ अंशांच्या आसपास उत्तम तयार होते. कडक उन्हात फळे पिवळट राहतात ती त्यामुळेच.

अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा सहज ४२ ते ४५ अंशांवर जातो. त्या काळात टोमॅटो जगवणे हीच कसरत असते. जूनच्या मध्यानंतर उष्णता उतरते, तेव्हा ढगाळ व दमट हवा सुरू होते. हिवाळा हाच येथील टोमॅटोचा खरा हंगाम. पावसाळ्यात घ्यायचा टोमॅटो हा या दोन टोकांच्या मधला असल्याने त्याचे वेळापत्रक नेमके असावे लागते.

काळी माती, खारे पाणी

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर येथील किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. टोमॅटो लावणाऱ्याच्या दृष्टीने मात्र येथील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट काळ्या मातीची. कपाशीला मानवणारी ही माती चिकण असते. ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात. झडीच्या दिवसांत अशा मातीत टोमॅटोची मुळे गुदमरतात. त्यामुळे पाने खाली झुकतात व झाड सुकल्यासारखे दिसते. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड मरते. पावसाळ्यात झाड मलूल दिसले तर आधी मातीत बोट खुपसून पाहावे. माती ओली असेल, तर झाडाला पाण्याची नव्हे, निचऱ्याची गरज आहे. पाणी साचलेल्या चुनखडीयुक्त मातीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. मातीत लोह असते, परंतु गुदमरलेल्या मुळांना ते उचलता येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला असून बाळापूर तालुक्याचा काही भागही त्यात येतो. या पट्ट्यातील विहिरी व बोअरचे पाणी खारे असते. टोमॅटो थोडी क्षारता सहन करतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता २.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली, की पुढच्या प्रत्येक एककामागे उत्पादन सुमारे दहा टक्क्यांनी घटते. पावसाळ्यात आकाशातून पडणारे गोडे पाणी ही या भागातील बागेसाठी संपत्तीच आहे, आणि बहुतेक घरांत ती पन्हाळीतून नालीत जाते.

कुंडी की वाफा?

पावसाळी टोमॅटोसाठी जमिनीपेक्षा कुंडी किंवा उंच वाफा सोयीचा ठरतो. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन वापरता येतो. तळाला पाच-सहा भोके पाडावीत. तळापासून बोटभर उंचीवर बाजूलाही चार भोके ठेवावीत, म्हणजे तळ फरशीला टेकला तरी पाणी अडणार नाही. डबा विटांच्या तुकड्यांवर ठेवावा.

भरण्यासाठी एक भाग चाळलेली काळी माती, एक भाग जाडी रेती किंवा विटांचा चुरा आणि एक भाग जुने कुजलेले शेणखत अथवा गांडूळ खत घ्यावे. निव्वळ काळी माती भरू नये. या मातीत मुळातच चुना भरपूर असतो, म्हणून राख किंवा चुना वेगळा घालू नये.

गच्चीवर कुंड्या ठेवताना वजनाचा विचार करावा. ओल्या मातीने भरलेला २० लिटरचा डबा २५ ते ३० किलोचा होतो. असे डबे स्लॅबच्या मध्यभागी एकत्र न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ओळीने ठेवावेत. अंगणात लावायचे असल्यास जमिनीपासून एक फूट उंच वाफा करावा व भोवती पाणी वाहून जाण्यास चर काढावा. दोन झाडांत किमान ६० सेंटिमीटर अंतर असावे. दाट लावलेली झाडे एकमेकांना सुकू देत नाहीत.

छप्पर हाच मुख्य उपाय

घरच्या बागेत सर्वाधिक उपयोगी पडते ते साधे पारदर्शक छप्पर. बांबूचे चार खांब रोवून सात-आठ फूट उंचीवर उताराने पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे. चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. बाजू बंद केल्या तर आत दमटपणा कोंडतो आणि रोग वाढतो. वारा वाहील त्या दिशेला छप्पर घट्ट बांधावे.

हिरवी शेडनेट पावसाळ्यात कामाची नाही. तिच्यातून पाणी गळते आणि आधीच ढगाळ हवेत कमी असलेला उजेड आणखी कमी होतो. टोमॅटोला रोज किमान सहा तास प्रकाश लागतो. छप्पर शक्य नसेल तर कुंड्या दक्षिणेकडील किंवा पूर्वेकडील भिंतीलगत, सज्जाच्या कडेखाली ठेवाव्यात. पावसाचा थेट मारा अर्ध्यावर आला तरी फरक पडतो.

पाऊस मातीवर आपटला की चिखलाचे शिंतोडे खालच्या पानांवर उडतात. मातीतील बुरशी पानावर पोहोचण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता. म्हणून मातीवर दोन बोटे जाडीचा कुटाराचा थर द्यावा. तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार वऱ्हाडात सहज मिळते. हा थर खोडाला चिकटू देऊ नये, भोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी.

वाण आणि रोपे

पावसाळ्यासाठी रोगप्रतिकारक वाण निवडणे म्हणजे निम्मे काम झाले. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पाने आकसणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. याच संस्थेचा ‘अर्का अभेद’ उशिरा येणाऱ्या करप्यालाही दाद देत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ व ‘भाग्यश्री’ हे सरळ वाण असून त्यांचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येते. संकरित वाणाचे बी धरून ठेवू नये, पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. स्थानिक मार्गदर्शनासाठी अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहेच.

बी पातळ पेरावे. दाट पेरल्यास रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. पेरणीपूर्वी बियांना ट्रायकोडर्मा भुकटी चोळावी. रोपांवर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी सुरुवातीपासून ठेवावी. वऱ्हाडात घराच्या आजूबाजूला कपाशी असतेच आणि कपाशीवरची पांढरी माशी टोमॅटोवर सहज येते. पाने आकसणारा ‘बोकड्या’ रोग हीच माशी पसरवते. रोपवयात लागण झाली तर त्या झाडाला फळ धरतच नाही. मुसळधार पावसात ही माशी कमी असते. चार-सहा दिवसांची उघडीप मिळाली की ती झपाट्याने वाढते, हे ध्यानात ठेवावे.

केव्हा लावावे?

येथे बरेचजण जूनच्या पहिल्या सरीबरोबर रोपे लावतात. ही रोपे जुलैच्या अखेरीस, म्हणजे ऐन झडीत, फुलावर येतात. परागकण ओलाव्याने चिकटतात आणि फुले गळतात. त्याऐवजी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात छपराखाली बी पेरावे व पंचवीस ते तीस दिवसांची रोपे ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुंडीत लावावीत. पावसाचा भर रोपवाटिकेत, जाळीखाली निघून जातो. फुलोरा सप्टेंबरमध्ये, पाऊस विरळ होताना येतो आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, रात्री थंड होऊ लागताच, पहिली तोडणी मिळते. एकाच वेळी सगळी रोपे न लावता तीन-चार रोपे जूनमध्ये व उरलेली ऑगस्टमध्ये लावली तर जोखीम विभागली जाते.

पावसाचा भरवसा नसतो, हेही खरेच. जुलै २०२१ मध्ये अकोला जिल्ह्यात अतिवृष्टीने पूर आला होता. उलट ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बागेची व्यवस्था दोन्ही टोकांना पुरेल अशी हवी.

आधार, छाटणी आणि फुले

लागवडीनंतर पंधरा दिवसांत आधार द्यावा. तुराट्यांची जुडी किंवा पाच फुटी बांबूची काठी पुरेशी होते. सुतळी खोडाभोवती सैल, इंग्रजी आठच्या आकारात बांधावी. झाड गुडघ्याएवढे झाले की जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची सर्व पाने काढून टाकावीत. उंच वाढणाऱ्या वाणांची बगलफूट दर आठवड्याला खुडावी. ही कामे पाने कोरडी असतानाच करावीत. ओल्या झाडाला हात लावणे म्हणजे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेणे होय.

तंबाखू मळणाऱ्यांनी झाडाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू केवळ स्पर्शाने टोमॅटोत शिरतो.

टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, मात्र त्यासाठी ते हलावे लागते. दमट, वारा नसलेल्या दिवसांत सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, पाने सुकल्यावर, आधाराच्या काठीवर बोटाने हलकेच टिचक्या माराव्यात. या छोट्याशा कामाने फळधारणा वाढते.

पाणी आणि खत

पन्हाळीखाली झाकणाचे पिंप ठेवावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ५०० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरच्या, गच्चीवर दहा मिलिमीटरच्या सरीत चारशे लिटरहून अधिक पाणी जमू शकते. उघडिपीत दहा झाडांना दिवसाला पंधरा लिटर धरले तरी दोनशे लिटरचे एक पिंप तेरा दिवस पुरते. पिंपावर घट्ट झाकण किंवा कापड असावे. नाहीतर टोमॅटोआधी डेंग्यूच्या डासांचे पीक निघेल.

पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. आठवडाभर कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले तर फळे तडकतात आणि फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा डाग रोगाचा नसून फळात कॅल्शियम न पोहोचल्याचा असतो. त्यावर अंड्याची टरफले किंवा चुना घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. काळ्या मातीत कॅल्शियमची उणीव नसते. अनियमित व खाऱ्या पाण्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. म्हणून उघडिपीत बोअरऐवजी साठवलेले पावसाचे पाणी वापरणे हाच खरा इलाज आहे.

पावसाने कुंडीतील अन्नद्रव्ये वाहून जातात. लागवडीनंतर दर पंधरा दिवसांनी झाडामागे दोन मुठी गांडूळ खत द्यावे. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार, लुसलुशीत दिसते, फुले कमी येतात आणि कोवळ्या पानांवर रोग लवकर बसतो.

रोग कसा ओळखावा?

लवकर येणारा करपा : खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके व त्यात एकात एक वर्तुळे दिसतात. वऱ्हाडातील उबदार, दमट पावसाळ्यात हाच रोग सर्वाधिक आढळतो. बाधित पाने काढून नष्ट करावीत.

उशिरा येणारा करपा : पानांवर पाणथळ, काळपट डाग पडतात व पानाखाली पांढरी बुरशी दिसते. थंड, सतत ओल्या हवेत तो काही दिवसांत सबंध झाड संपवतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पाडणारा रोग हाच. असे झाड पिशवीत घालून फेकावे, खतात टाकू नये.

जिवाणूजन्य मर : झाड हिरवे असतानाच एकाएकी सुकते. खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरल्यास दुधाळ धागे उतरताना दिसतात. त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा पुन्हा लावू नये.

फळ पोखरणारी अळी : कपाशी, तूर व हरभऱ्यावरची हिरवी अळीच टोमॅटोवर येते. जवळ झेंडू लावल्यास पतंग आधी त्यावर अंडी घालतात. अळ्या सकाळी हाताने वेचाव्यात.

फवारणीबाबत सावधान

बुरशीसाठी बोर्डो मिश्रण हा जुना व स्वस्त उपाय आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरातील द्राक्षबागांत १८८५ च्या सुमारास तो रूढ झाला. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवावे आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतावे. लोखंडी पाते बुडवल्यावर त्यावर तांबूस थर आला तर चुना थोडा वाढवावा. मिश्रण गाळून त्याच दिवशी वापरावे. कोवळ्या रोपांसाठी दोन्ही वस्तू निम्म्या घ्याव्यात. ही फवारणी रोग येऊ नये म्हणून असते, करपलेले पान तिने बरे होत नाही.

कपाशीसाठी घरात आणून ठेवलेले कीटकनाशक मात्र घरच्या टोमॅटोवर कदापि फवारू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. जे फळ मुले झाडावरून तोडून तसेच खातात, त्यावर असे औषध मारण्याइतकी कोणतीही अळी महत्त्वाची नाही.

तोडणी

पावसाळ्यात फळ झाडावर पूर्ण लाल होण्याची वाट पाहू नये. बुडाशी गुलाबी छटा दिसताच ते तोडावे व घरात टोपलीत कागदावर पसरावे. चार-सहा दिवसांत ते पिकते आणि चवीत फारसा फरक पडत नाही. सोबत एखादे पिकलेले केळे ठेवल्यास रंग लवकर चढतो. कच्ची फळे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, थंडीने पिकण्याची क्रिया थांबते. परतीच्या मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर भरलेली हिरवी फळेही उतरवावीत. हिरव्या टोमॅटोची चटणी भाकरीबरोबर उत्तम लागते.

चांगल्या निगेत एका झाडापासून दोन ते तीन किलो फळे मिळू शकतात. वाईट पावसाळ्यात हा आकडा निम्म्यावर येतो. दहा झाडांनी घराची बाजारातील खरेदी संपणार नाही, मात्र ऑक्टोबरपासून हिवाळाभर रोजच्या वरणाला व चटणीला पुरेल एवढा टोमॅटो घरचा राहील.

महिन्यानुसार कामे

जून : डबे, माती-मिश्रण व छप्पर तयार करणे, पन्हाळीखाली पिंप बसवणे.
जुलै : पहिल्या पंधरवड्यात छपराखाली, जाळीत बी पेरणे.
ऑगस्ट : रोपे लावणे, कुटाराचा थर, आधार, गरजेनुसार बोर्डोची पहिली फवारणी.
सप्टेंबर : खालची पाने काढणे, फुले हलवणे, दर पंधरा दिवसांनी खत, झेंडूवर व फळांवर अळीची पाहणी.
ऑक्टोबर : परतीच्या पावसावर लक्ष, छटा आलेली फळे उतरवणे, पाऊस थांबल्यावर छप्पर काढून झाडांना पूर्ण ऊन देणे.
नोव्हेंबर ते जानेवारी : नियमित तोडणी, साठवलेले गोडे पाणी पुरवून वापरणे.